बोर्डो, पण बजेटमध्ये!

शातोच्या नावाला न भुलता परवडणारी रेड बोर्डो कशी निवडायची? तीही चंद्रपूरच्या उन्हाळ्यात आणि दारूबंदी असलेल्या गडचिरोलीच्या शेजारी राहून? एक हिशेबी गाइड.

विदर्भातल्या कुठल्याही संत्रा बागायतदाराला विचारा, बोर्डो म्हणजे काय? तो क्षणात सांगेल : मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. झालं फवारणीचं बोर्डो मिश्रण! खोडाला फासतात ती निळसर घट्ट पेस्टही बोर्डोच. म्हणजे हे नाव आपल्याकडे वाइनच्या कितीतरी आधी बागेत पोचलंय. त्याचा जन्मही वाइनच्याच मळ्यातला. फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तोडू नयेत म्हणून शेतकरी त्यांच्यावर हे मिश्रण मारायचे. नेमक्या त्याच वेली केवडा रोगातून वाचतात, हे पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेत भरलं आणि १८८५ मध्ये त्यांनी त्याचा प्रयोग जगापुढे मांडला. पुढचा इतिहास कृषी केंद्रातल्या पाकिटावर आहेच.

तर, त्याच बोर्डोची ही दुसरी बाजू, बाटलीतली.

मी चंद्रपुरात नोकरी करतो. आमच्या ऑफिसात निम्मी जनता मुंबई-पुण्याहून बदलीवर आलेली. कुणी कोळशात, कुणी विजेत, कुणी सिमेंटात, कुणी बँकेत. कुणाचं प्रमोशन, कुणाचा साखरपुडा, की लगेच विषय निघतो, ‘या वेळी बीअर नको यार, एक चांगली रेड आणू. बोर्डो वगैरे.’ मग कॉन्ट्री निघते, माणशी पाचशे. आणि ते अडीच हजार घेऊन दुकानात गेलेला गडी फ्रेंच लेबलांपुढे शून्य नजरेनं उभा राहतो. सोनेरी अक्षरं, वाड्याचं चित्र, एखादं मेडल. सगळ्या बाटल्या सारख्याच खानदानी दिसतात! शेवटी बोट जातं ते सर्वांत भारदस्त चित्रावर. हा लेख त्या गड्यासाठी.

आधी हिशेब

फ्रान्समधल्या सुपरमार्केटात साधी रेड बोर्डो पाच युरोंना आरामात मिळते. म्हणजे आपले साधारण पाचशे रुपये. मग तीच इथे दोन हजारांवर का जाते?

पेन घ्या. युरोपातून येणाऱ्या वाइनवर भारतानं वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क घेतलंय. पाचशेच्या बाटलीवर साडेसातशे. झाले साडेबाराशे. अजून बाटली बंदरातच आहे! त्यापुढे आयातदाराचा नफा, वितरकाचा नफा, राज्याचं उत्पादन शुल्क, व्हॅट, दुकानदाराचं कमिशन. दारू जीएसटीत येत नाही, त्यामुळे प्रत्येक राज्याचा हिशेब वेगळा. साध्यातली साधी बोर्डो आपल्या हातात पडेपर्यंत दोन हजारांच्या आसपास पोचते, ती अशी.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, इथे दोन हजारांना मिळणारी बोर्डो ही तिकडे रोजच्या जेवणाबरोबर पिण्याची वाइन आहे. तिच्याकडून ‘राजेशाही’ अनुभवाची अपेक्षा ठेवू नका. दोन, तुमच्या पैशातला मोठा हिस्सा द्राक्षांवर खर्च होतच नाही. म्हणून निवडताना जास्त डोळस असायला हवं.

एका बाटलीत ७५० मिलिलिटर, म्हणजे १५० मिलिलिटरचे पाच ग्लास. अडीच हजारांची बाटली म्हणजे पाचशेला एक ग्लास. हा आकडा डोक्यात ठेवा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

जाता जाता एक गंमत. खुद्द बोर्डोत स्वस्त वाइनचा महापूर आलाय. फ्रेंच लोक रेड कमी पितात, चीनची मागणी घसरली, आणि मळे मात्र अफाट. २०२३ मध्ये तर सुमारे ९,५०० हेक्टरवरच्या वेली उपटून टाकायला सरकारी मदत जाहीर करावी लागली. जगप्रसिद्ध नावाच्या सावलीत शेकडो छोटे शेतकरी कमी भावात चांगला माल काढतायत. आपल्याला शोधायचेत ते हे.

नाव नाही, गाव वाचा

आपल्याकडे तांदूळ कसा घेतात? ब्रँड बघून नाही. ‘एचएमटी आहे का? कुठला? नागभीडचा की सिंदेवाहीचा? नवा की जुना?’ नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून निवडून तयार केलेलं हे वाण. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला नाव पडलं. चंद्रपूरचा माणूस तांदळाचं वाण, गाव आणि साल विचारतो. बोर्डोही अगदी तशीच घ्यायची.

बोर्डोच्या लेबलावर बहुतेक वेळा द्राक्षाचं नाव नसतंच, गावाचं किंवा भागाचं असतं. त्या भागाच्या नावावर कायद्याचं बंधन असतं. म्हणून लेबलावरचा सर्वांत विश्वासू शब्द तोच.

नकाशा सोपा आहे. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या मिळून जिरोंद होते, जशी आपल्याकडे वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता. पाण्याच्या डाव्या काठाला मेदोक, जमीन रेताड-खडकाळ, तिथे कॅबर्ने सोव्हिन्यों जास्त. उजव्या काठाला सेंत एमिलियों आणि पोमरोल, तिथे मर्लो जास्त. कॅबर्ने म्हणजे ताठ, कडक, जीभ कोरडी करणारी. जांभूळ खाल्ल्यावर तोंड ओढल्यासारखं होतं ना, त्याला टॅनिन म्हणतात. मर्लो जरा मऊ, पिकलेल्या फळासारखी. बोर्डोत बहुधा दोन्ही मिसळलेल्या असतात, प्रमाण काय तेवढाच प्रश्न. स्वस्त बाटल्यांत बहुतेकदा मर्लो जास्त असते. नवख्याला ती लगेच जमते.

आता मुद्द्याचं. पोमरोल किंवा मार्गो ही नावं बजेटमध्ये बसत नाहीत. पण त्यांचे शेजारी बसतात! म्हणून पुढची नावं मोबाइलमध्ये सेव्ह करा.

उजव्या काठावर फ्रोंसाक, लालांद द पोमरोल, आणि सेंत एमिलियोंच्या मागे लागलेली मोंतान्य, लुसाक ही गावं. डाव्या काठावर ओ-मेदोक, मुली, लिस्त्राक. आणि सगळ्यांत किफायतशीर म्हणजे ‘कोत द बोर्डो’ : त्यात ब्लाय, कादियाक, कास्तियों, फ्राँ अशी भागांची नावं पुढे जोडलेली असतात. नुसतं ‘बोर्डो’ लिहिलेलं असेल तर द्राक्षं त्या अख्ख्या प्रदेशातली कुठलीही. ‘बोर्डो सुपेरियर’ असेल तर नियम थोडे कडक. दोनशे-तीनशे रुपयांच्या फरकात ‘बोर्डो’ऐवजी ‘कास्तियों’ मिळत असेल, तर डोळे मिटून दुसरी घ्या.

डाव्या काठाला ‘क्रू बुर्ज्वा’ हे शब्द दिसले तर थांबा. मेदोकमधल्या ज्या मळ्यांना जुन्या खानदानी यादीत जागा मिळाली नाही, त्यांची ही यादी. २०२० पासून तिच्या तीन पायऱ्या आहेत : क्रू बुर्ज्वा, सुपेरियर आणि एक्सेप्सिओनेल. निवड चाखून होते. मध्यमवर्गीय बाण्याची, मेहनतीची वाइन. आपल्या जवळची वाटते की नाही?

लेबलवरची भुरळ

आता जे वाचायचं नाही ते.

‘ग्राँ व्हॅं द बोर्डो’ म्हणजे बोर्डोची थोर वाइन. वाचायला झकास. पण हे शब्द स्वस्तातल्या बाटलीवरही दिमाखात छापलेले असतात. त्यावरून दर्जा कळत नाही.

‘शातो’ म्हणजे राजवाडा. प्रत्यक्षात बऱ्याच शातोंचा वाडा म्हणजे साधं शेतघर आणि शेड. चित्रावर जाऊ नका.

‘सेंत एमिलियों ग्राँ क्रू’ हा शब्दप्रयोग चकवा देतो. ही खालच्या साध्या सेंत एमिलियोंपेक्षा कडक नियमांची पायरी आहे, पण ‘ग्राँ क्रू क्लासे’ नाही. शेवटचा ‘क्लासे’ असेल तरच तो मळा मानांकित यादीतला. एका शब्दानं किंमत कितीतरी पट बदलते.

आणि १८५५ ची ती सुप्रसिद्ध यादी? पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या काळात व्यापाऱ्यांनी बाजारभावावरून मळ्यांचे पाच वर्ग पाडले. त्यानंतर त्यातला नाव घेण्याजोगा बदल एकच झाला, १९७३ मध्ये मूतों रॉथशिल्ड दुसऱ्या वर्गातून पहिल्यात गेलं. वाचायला मस्त, विकत घ्यायला आपल्या कामाची नाही. याच घराण्यानं १९३० च्या दशकात सर्वसामान्यांसाठी ‘मूतों कादे’ हा ब्रँड काढला. तो आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दिसतो. ओळखीचं, भरवशाचं काम. पण त्यात तुम्ही थोडे पैसे आडनावाचेही देता. शेजारी कास्तियों किंवा ब्लाय असेल तर त्याच पैशात जास्त मजा.

‘मी आं बुतेय ओ शातो’ हे शब्द मात्र वाचा. बाटली मळ्यातच भरली, असा त्याचा अर्थ. ही दर्जाची हमी नाही, पण माल कुणाचा ते तरी कळतं.

साल कुठलं?

आपण भातासाठी जुना तांदूळ मागतो. म्हणून ‘वाइन जितकी जुनी तितकी भारी’ हे आपल्याला पटकन पटतं. भारी बोर्डोच्या बाबतीत खरंही आहे. बजेटमधल्या बोर्डोच्या बाबतीत उलटं. ती चार-सहा वर्षांत पिऊन टाकायला बनवलेली असते. दुकानदारानं ‘सर, दहा वर्षं जुना माल आहे’ म्हणून कौतुकानं बाटली पुढे केली, तर हसून परत द्या. त्या दहा वर्षांत तिनं किती उन्हाळे काढलेत ते तुम्हाला ठाऊक नाही.

बोर्डोत हवामान दर वर्षी वेगळं. २०१८, २०१९, २०२० आणि २०२२ ही चांगली वर्षं. चांगल्या वर्षी छोट्या शेतकऱ्याचाही माल उत्तम पिकतो, म्हणून स्वस्तातली बाटली घेताना साल जास्त महत्त्वाचं. २०१७ ला एप्रिलमध्ये हिमदव पडलं, २०२१ ला दवही आणि केवडाही. ही वर्षं हलकी, घेताना विचार करून. उष्णता तिथेही वाढतेय. इतकी, की २०२१ मध्ये मार्सेलान, तूरिगा नासिओनाल अशा उष्णता सोसणाऱ्या काही नव्या द्राक्षांना बोर्डोत थोड्या प्रमाणात लावायची परवानगी मिळाली.

हजारात बोर्डोसारखी?

खरं सांगायचं तर दर शनिवारी दोन-अडीच हजार कुणाला परवडतात? पण बोर्डोची द्राक्षं आता जगभर आहेत, आपल्या नाशकातही.

२००१ मध्ये महाराष्ट्रानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि नाशिक-दिंडोरीचा चेहरा बदलला. त्याच्या आसपासच राजीव सामंत यांच्या सुला विनयार्ड्सची पहिली वाइन बाजारात आली होती. आपल्याकडे छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये. बोर्डोत मात्र काढणीच सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे त्यांची टोपली भरते तेव्हा आपली कात्री चालते! नाशिकची कॅबर्ने हजारच्या आसपास मिळते. बऱ्याचदा ती शिराजबरोबर मिसळलेली असते, त्यामुळे बोर्डोपेक्षा जास्त मसालेदार आणि उघडी लागते.

सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेली आहे. इटालियनमध्ये फ्रातेली म्हणजे भाऊ. इटलीचे सेक्की बंधू, आपले मोहिते-पाटील बंधू आणि दिल्लीचे सेखरी बंधू अशी ती त्रिकूट भागीदारी. त्यांची ‘सेत्ते’ ही कॅबर्ने आणि सांजोव्हेजेची वाइन भेट द्यायला उत्तम. आणि बोर्डोशी थेट धागा हवा असेल तर बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची ग्रोव्हर. १९९० च्या दशकात पोमरोलचे नामवंत वाइनतज्ज्ञ मिशेल रोलाँ त्यांचे सल्लागार होते. ‘ला रिझर्व्ह’ ही कॅबर्ने-शिराज तिथलीच. २०१२ मध्ये ग्रोव्हरनं नाशिकच्या झाम्पाशी हातमिळवणी केली.

परदेशीच हवी असेल तर चिली बघा. कार्मेनेर हे मूळचं बोर्डोचं द्राक्ष. तिथे ते १९व्या शतकातल्या फिलोक्सेरा किडीनं जवळजवळ संपलं, आणि १९९४ मध्ये चिलीत मर्लो समजून वाढवलेल्या मळ्यांत सापडलं! ऑस्ट्रेलियाची कॅबर्ने-मर्लोही चांगला पर्याय. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाल्यापासून पाच डॉलरवरच्या वाइनचं सीमाशुल्क टप्प्याटप्प्यानं उतरतंय.

माझा स्वतःचा नियम असा : हजारपर्यंत नाशिक, दीड हजारपर्यंत चिली किंवा ऑस्ट्रेलिया, आणि बोर्डो फक्त निमित्त असेल तेव्हा, पण गाव बघूनच.

आणि एक हमखास युक्ती. ऑफिसातलं कुणी ऑनसाइट युरोपात असेल तर त्याला परतताना बाटली सांगा. परदेशातून येताना माणशी दोन लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते. ७५० च्या दोन बाटल्या बसतात, तिसरी नाही. बारा-पंधरा युरोंत तिकडे चांगली क्रू बुर्ज्वा किंवा लालांद मिळते. म्हणजे इथे दोन हजारांत जी साधी मिळते, त्याहून सरस वाइन बारा-पंधराशेत. बोर्डोची खरी ‘व्हॅल्यू फॉर मनी’ बाटली बहुतेक वेळा कुणाच्या तरी सुटकेसमधून येते!

खरा शत्रू ऊन

वाइनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला द्या.’ ती रूम जुन्या युरोपातल्या दगडी घराची, १६-१८ अंशांची. चंद्रपुरात मे महिन्यात बाहेर ४५-४६ आणि कूलरच्या खोलीत ३० च्या पुढे. त्या तापमानाला रेड वाइन म्हणजे कोमट काढा. नुसता अल्कोहोलचा वास नाकात जातो.

म्हणून रेडही फ्रिजमध्ये ठेवा. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. पिण्याआधी पाऊण तास पुरे. ग्लासात ती आपोआप कोमट होते.

साठवण हा मोठा प्रश्न. वाइनला १२ ते १५ अंश आवडतात. काही आठवडे तिशीच्या वर राहिली तर ती शिजते. फळाचा ताजेपणा जातो आणि उकडलेल्या मनुकांसारखा वास येतो. म्हणून बाटली घेताना चार गोष्टी तपासा. बूच वर सरकलंय का? बुचाच्या कडेला चिकट ओघळ आहे का? मानेतली पातळी खाली गेलीय का? आणि बाटली दुकानात कुठे उभी आहे? काचेच्या शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली, पश्चिमेच्या उन्हात मिरवणारी बाटली सर्वांत देखणी असते आणि बहुधा सर्वांत बिघडलेली. आतल्या थंड कपाटातली मागा.

सोपा नियम : आपल्या भागात वाइनची खरेदी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा ट्रकमध्येही ती भाजत नाही. घरात वाइनचं कपाट नसेल तर फ्रिजचा सर्वांत खालचा कप्पा, आडवी ठेवून. गाडीच्या डिकीत ती एक दुपारही नको.

ताटात काय?

सावजी आणि बोर्डो? नको. तिखट आणि टॅनिन एकमेकांना पेटवतात, दोन्हींची चव जाते. मसाला बेताचा ठेवून केलेलं सुकं मटण, भाजलेल्या चापा, कमी तिखटाचा खिमा, यांच्याबरोबर कॅबर्ने जमते. मटणाच्या चरबीनं टॅनिनची धार बोथट होते. शाकाहारींना वांग्याचं भरीत, भाजलेलं पनीर. पावसाळ्यात बाजारात सात्या आल्या की लसूण-मिऱ्यात परतून मर्लोबरोबर खाऊन बघा. सांबारवडीबरोबर मात्र थंड व्हाइट किंवा सरळ ताक बरं.

आणि ‘रेड वाइन हार्टला चांगली’ हे ऐकवून दुसरा ग्लास भरू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की अल्कोहोलची कुठलीही मात्रा पूर्ण सुरक्षित नाही. आवडते म्हणून प्या, औषध म्हणून नको. गाडी चालवायची असेल तर अजिबात नको.

बाटली कुठून कुठे?

चंद्रपूरकरांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि बदलीवर आलेल्यांना तो हमखास ठाऊक नसतो.

आपले शेजारी दोन जिल्हे कोरडे आहेत. गांधीजींच्या सेवाग्राममुळे वर्धा १९७० च्या दशकापासून, आणि गडचिरोली १९९३ पासून. आता नकाशा बघा. नागपुरात निवड जास्त, म्हणून वीकेण्डला नागपूरहून बाटली आणायचा बेत होतो. पण नागपूर-चंद्रपूर हमरस्ता जांबवरून जातो, आणि जांब वर्धा जिल्ह्यात. रेल्वेही सेवाग्राम, हिंगणघाटवरूनच. दारूबंदीच्या जिल्ह्यात बाटली जवळ सापडणं हाच गुन्हा ठरू शकतो, ती नाशिकची असो की पोमरोलची. उमरेड, भिवापूर, नागभीडचा रस्ता वर्ध्याला न शिवता थेट चंद्रपूर जिल्ह्यात येतो, पण लांब पडतो. त्यापेक्षा चंद्रपुरातल्याच दुकानदाराला हवी ती बाटली मागवून द्यायला सांगणं चांगलं. चार गिऱ्हाइकांनी ‘कास्तियों आहे का?’ विचारलं की तोही ठेवायला लागतो. बिल जपा. महाराष्ट्रात दारू घ्यायला परवाना लागतो, दुकानात एक दिवसाचा मिळतो. वाइन-बीअरसाठी वय २१ पूर्ण हवं, बाकी दारूसाठी २५.

पूर्वेला वैनगंगा. पलीकडे गडचिरोली. बाटली पुलाच्या अलीकडेच ठेवायची. फक्त पोलिसांच्या भीतीनं नव्हे. ती दारूबंदी मुंबईतून कुणी लादलेली नाही. गावागावातल्या बायकांनी, आदिवासी ग्रामसभांनी, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं आंदोलन करून ती मिळवली. २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम तिथे दारू आणि तंबाखू कमी करायचं काम करतोय. चंद्रपुरातही तेच झालं. डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गारच्या हाकेवर हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ ला इथे बंदी आली आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळानं ती उठवली. बंदीनं दारू खरंच थांबते का, चोरटी विक्री वाढते का, यावर आमच्या कँटीनमध्ये आजही दोन तट आहेत. मी त्यात पडत नाही. पण एवढं नक्की, की ज्या बाटलीवर आपण पाचशे रुपये ग्लासचा हिशेब मांडतो, त्याच वस्तूपायी कुणाच्या तरी घरचा पगार शनिवारी संध्याकाळीच संपायचा. त्या बायका त्यासाठी चालल्या. गडचिरोलीच्या सहकाऱ्याकडे जेवायला जाताना ‘एक छोटीशी वाइन’ पिशवीत टाकणं म्हणजे त्याला आणि त्याच्या घरच्यांना अडचणीत टाकणं आहे.

त्याऐवजी तिकडून काहीतरी आणा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह गळतो. अख्खं गाव टोपल्या घेऊन झाडाखाली असतं. वाळवलेल्या मोहफुलांचा गोडवा दारूतच उतरतो असं नाही, लाडवातही उतरतो. जंगलाचा, मातीचा, त्या सालच्या पावसाचा वास त्या फुलाला असतो. बोर्डोवाले ज्याला ‘गावाची चव’ म्हणून जगभर विकतात, ती हीच की!

खिशात ठेवा

- दोन हजारांच्या आत असाल तर बोर्डोचा हट्ट सोडा. नाशिक, अकलूज, नंदी हिल्स, चिली बघा.
- बोर्डो घ्यायचीच तर शातोचं चित्र नको, गाव वाचा : कास्तियों, ब्लाय, फ्रोंसाक, लालांद, मोंतान्य, ओ-मेदोक.
- साल २०१८, २०१९, २०२०, २०२२. ‘दहा वर्षं जुनी स्वस्त’ बाटली नको.
- बूच, ओघळ, पातळी तपासा. खरेदी थंडीत, पिण्याआधी पाऊण तास फ्रिज.
- युरोपातून येणाऱ्या मित्राला दोन बाटल्या सांगा, तीन नाही.
- वर्धा आणि गडचिरोलीच्या हद्दीत बाटली नाही. म्हणजे नाहीच.